मास्टर्स, व्हॉलीबॉलचा स्टाफ आणि गुरुवारची बस

दर वर्षी मे-जूनमध्ये मला दोन-तीन फोन येतात. पलीकडे कधी एम.पी.एड. झालेली मुलगी असते, कधी इंजिनिअरिंग करता करता विद्यापीठाच्या संघातून खेळलेला मुलगा. अमेरिकेत मास्टर्सला ॲडमिशन झालेली असते आणि सोबत तिथल्या व्हॉलीबॉल संघात ग्रॅज्युएट असिस्टंटचं, म्हणजे तिकडे सगळे म्हणतात तसं 'जीए'चं, काम मिळालेलं असतं किंवा मिळायच्या बेतात असतं. प्रश्न ठरलेला: "ताई, अभ्यास, संघाचं काम आणि दौरे, तिन्ही जमतं का?"

जमतं. मी ओहायोत दोन सीझन काढले आणि डिग्रीही वेळेत घेतली. पण जमवायचं ते ऑगस्ट उजाडायच्या आत. सीझन सुरू झाला की विचाराला सवड मिळत नाही, जेमतेम बॅग भरण्यापुरती मिळते. खाली लिहिलेला क्रम मी स्वतः पाळला नव्हता. पहिल्या वर्षी उलट्या क्रमाने ठेचा खाल्ल्या, दुसऱ्या वर्षी असा केला.

आधी काम काय आहे ते समजून घ्या

अमेरिकेत कॉलेज व्हॉलीबॉल म्हटलं की बहुतेक वेळा मुलींचं व्हॉलीबॉल. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यानंतर कॉलेजांना मुलींच्या खेळांसाठी बरोबरीने सोय करावी लागली आणि व्हॉलीबॉलने त्यात चांगलंच मूळ धरलं. पहिल्या श्रेणीत, म्हणजे कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिच्या डिव्हिजन वनमध्ये, मुलींचे तीनशेहून जास्त संघ आहेत. मुलांचे त्या मानाने फारच थोडे. ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्का विद्यापीठाने लिंकनच्या फुटबॉल मैदानात व्हॉलीबॉलचा सामना भरवला तेव्हा ९२,००३ माणसं आली होती. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या फायनलला पाहुणे, आयोजक आणि हरलेले संघ धरून किती जण असतात ते आठवा, म्हणजे आपण कुठे चाललोय याचा अंदाज येईल.

मुलींचा सीझन ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. फॉल सेमिस्टरही नेमकं तेवढंच. एकाच चार महिन्यांत दोन्ही बसवायचं असतं, आणि इथेच सगळी मेख आहे. मुलांच्या संघाचं काम मिळालं तर सीझन जानेवारी ते मे, पण ताण तोच.

जीए म्हणजे कोच नव्हे. सरावाला चेंडू टाकायचे, गोळा करायचे, व्हिडिओ लावायचा, सामन्याची आकडेवारी भरायची, हॉटेलच्या खोल्यांची यादी करायची, जेवणाची ऑर्डर द्यायची आणि हो, परगावी जर्सी धुवायच्या. आईला हे मी दीड वर्ष सांगितलं नव्हतं. तुमच्या वाट्याला यातलं काय येणार हे संघ किती मोठा यावर ठरतं. मोठ्या विद्यापीठात विश्लेषणाला वेगळा माणूस, कपड्यांना वेगळा माणूस. छोट्या विद्यापीठात सगळं तुम्हीच. मला छोटं मिळालं, आणि शिकायला तेच बरं असं माझं आजही मत आहे.

विश्लेषणाचं काम मिळत असेल तर 'डेटाव्हॉली' शिकूनच जा. हे इटालियन सॉफ्टवेअर आहे. सामना चालू असताना प्रत्येक स्पर्श एका छोट्या कोडने टाइप करायचा असतो. खेळाडूचा नंबर, कौशल्याचं अक्षर, आणि शेवटी दर्जाचं चिन्ह. उत्तम असेल तर हॅश. चूक असेल तर, गंमत म्हणजे, 'बरोबर'चं (=) चिन्ह. पहिले चार सामने माझा हात तिथे अडखळायचा. जाण्याआधी महिनाभर जुने सामने लावून रोज एक सेट कोड करा. ऑगस्टमध्ये जिममध्ये बसून शिकायला लागलात तर अभ्यासाचे तास तिथेच खर्ची पडतील.

ऑफर लेटर: सही करण्याआधी

पत्रात साधारण तीन गोष्टी ठळक असतात: ट्यूशन माफ, महिन्याचा स्टायपेंड, आठवड्याचे तास. बाकीचं तुम्ही विचारून घ्यायचं. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा? ट्यूशन माफ असली तरी निरनिराळ्या 'फी' कोण भरणार? आरोग्य विमा? दौऱ्यावर जेवण संघाकडून की रोजचा भत्ता? किती दौऱ्यांना मला न्यायचं ठरलंय: सगळ्या, की फक्त बसच्या? हे सगळं ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवर घ्या. फोनवर "अरे, त्याचं आपण बघू" हे जसं आपल्याकडे चालतं तसं तिकडेही चालतं, आणि शेवटही तसाच होतो.

तारखांचा हिशेब नीट घाला. संघाचा सराव ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होतो, वर्ग महिन्याच्या अखेरीला. नवीन एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला) वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या जास्तीत जास्त तीस दिवस आधी अमेरिकेत पाऊल ठेवता येतं, आणि कॅम्पसवरचं कामही त्याच्या आधी सुरू करता येत नाही. कोचला हे माहीत असेलच असं धरून चालू नका. बहुतेकांनी परदेशी खेळाडू आणलेले असतात, परदेशी जीए आणलेला नसतो. सोशल सिक्युरिटी नंबर यायला वेळ लागतो, त्यामुळे पहिला पगारही लांबू शकतो. दीड-दोन महिन्यांचा खर्च घरूनच घेऊन जा.

वीस तास

एनसीएएच्या नियमानुसार सीझनमध्ये खेळाडूला आठवड्याला वीस तास, दिवसाला चार तास, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. त्यावर नजर ठेवायला 'कम्प्लायन्स' नावाचं अख्खं ऑफिस असतं. यात पळवाटाही आहेत. सामना कितीही लांबला तरी तो तीनच तास मोजला जातो, आणि ज्या दिवशी नुसता प्रवास झाला तो दिवस सुट्टीचा म्हणून दाखवता येतो. तरीही खेळाडूच्या वेळेला कुंपण आहे आणि त्याला राखणदारही आहे.

स्टाफच्या वेळेला असलं काही नाही. असिस्टंट कोच सकाळी सातला येऊन रात्री अकराला जातात, आणि जीएनेही तसंच असावं असं कुणी म्हणत नाही, फक्त गृहीत धरतात.

पण तुम्ही एफ-१ वर असाल तर तुम्हालाही एक कुंपण मिळालेलं आहे: वर्ग चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. बरेच जण याच्याकडे अडचण म्हणून बघतात. मीही बघायचे, पहिल्या ऑक्टोबरपर्यंत. नंतर कळलं की आपल्या वेळेचा सगळ्यात भक्कम राखणदार हाच आहे. "मला अभ्यास आहे" म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि काम देतो. "माझ्या व्हिसाचे तास संपले" म्हटलं की काम दुसऱ्याकडे जातं. त्यात खोटंही काही नाही.

म्हणून तास खरे लिहा. जास्त करून कमी दाखवायचे, हा धंदा करू नका. पकडलं गेलं तर कोचला समज मिळेल आणि तुमचा व्हिसाचा दर्जा जाईल. बसमध्ये नुसतं बसलेला वेळ कामात धरायचा का, हे विद्यापीठाच्या एचआरला आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या सल्लागाराला लेखी विचारा आणि ते उत्तर जपून ठेवा. तास भरल्यावर "उरलेलं स्वयंसेवक म्हणून करते" ही कल्पना सुचेल. ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात ते फुकट केलं म्हणून नियमातून सुटत नाही. सल्लागाराला विचारल्याशिवाय ते करूच नका.

उन्हाळी शिबिरांचं तर वेगळंच. शिबिर भरतं कॅम्पसवर, टी-शर्टवर विद्यापीठाचं नाव असतं, पण पुष्कळदा ते हेड कोचच्या खाजगी कंपनीचं असतं. चेक त्या कंपनीचा आला तर ती तुमच्यासाठी कॅम्पसवरची नोकरी ठरेलच असं नाही. हिवाळ्यात शाळकरी मुलींच्या क्लबांना कोच हवे असतात, पैसेही बरे देतात; ते तर सरळ कॅम्पसबाहेरचं काम. मला दोन्हींचं बोलावणं आलं होतं. दोन्ही वेळा आधी सल्लागाराकडे गेले, आणि दोन्ही वेळा बोलावण्याला नाही म्हणाले.

विषय निवडताना

सामन्यांचं वेळापत्रक उन्हाळ्यातच हाती येतं. ते बघूनच विषय घ्या. पहिले तीन-चार वीकएंड निमंत्रितांच्या स्पर्धा असतात, शुक्रवार-शनिवार, कधी रविवारही. सप्टेंबरच्या अखेरीपासून कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या विद्यापीठांच्या गटातले, सामने, साधारण आठवड्याला दोन. एकूण पंचवीस-तीस सामने, त्यातले निम्म्याच्या आसपास परगावी. म्हणजे गुरुवार दुपार ते शनिवार रात्र ही वेळ तुमची नाही असंच समजा.

मास्टर्सचे बरेच वर्ग आठवड्यातून एकदाच, संध्याकाळी तीन तास असतात. सोमवार-मंगळवारचा असेल तर डोळे मिटून घ्या. गुरुवारचा असेल तर कितीही आवडता विषय असो, स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीनंतरच्या सेमिस्टरला, घ्या. एक वर्ग बुडाला की अख्खा आठवडा बुडतो, आणि असे सहा आठवडे बुडतील.

इथे प्रत्येक जण एक सल्ला देईल: "ऑनलाइन कोर्स घे की!" अमेरिकन जीएंना तो लागू पडतो. एफ-१ वर पूर्णवेळ नोंदणी दाखवताना सेमिस्टरमागे एकच ऑनलाइन कोर्स, तोही तीन क्रेडिटपर्यंतच, धरला जातो. तो एक मात्र जरूर वापरा, आणि फॉलमध्येच वापरा. बाकीचे वर्गात बसूनच करावे लागतील. पूर्णवेळ म्हणजे किती क्रेडिट हे विद्यापीठ ठरवतं. बऱ्याच ठिकाणी मास्टर्सला नऊ. सीझनमध्ये सहा घेऊन स्प्रिंगला बारा घेईन, असा हिशेब एफ-१ वर चालत नाही. शेवटच्या सेमिस्टरला उरतील तेवढेच क्रेडिट घ्यायची मुभा मिळू शकते, पण तीही आधी मंजूर करून.

तेव्हा हातात राहतं ते वजन वाटून घेणं. स्टॅटिस्टिक्स, रिसर्च मेथड्स, ज्यात दर आठवड्याला गणितं आहेत ते स्प्रिंगला. वाचन आणि शेवटी एक पेपर असे कोर्स फॉलला. बसमध्ये वाचता येतं, गटाच्या प्रोजेक्टच्या मीटिंगा घेता येत नाहीत.

एकच कागद

वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा सिलॅबस मिळतो, सगळ्या तारखांसकट. नेमका तोच संघाच्या पहिल्या स्पर्धेचा आठवडा. तरी त्याच आठवड्यात एक रात्र काढा आणि सगळं एका तक्त्यात भरा. उभ्या रांगेत आठवडे. आडव्या रांगेत सामने, बस सुटायची-परतायची वेळ, प्रत्येक विषयाचं सबमिशन, परीक्षा. मी कॅलेंडरची तीन ॲप वापरून पाहिली, शेवटी ए-थ्री कागद भिंतीवर लावला. भिंतीवरचा कागद मिटवून ठेवता येत नाही.

तो भरल्यावर दोन-तीन आठवडे लाल झालेले दिसतील: दौरा, मिडटर्म आणि पेपर एकत्र. माझ्या पहिल्या सीझनमध्ये ऑक्टोबरचा दुसरा आणि नोव्हेंबरचा तिसरा. त्या आठवड्यांचं काम त्याच्या आधीच्या रिकाम्या आठवड्यात ढकला, आणि पेनने लिहा.

प्राध्यापकांना पहिल्याच आठवड्यात भेटा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि महागात पडलं. संघातल्या मुलींना क्रीडा विभाग प्रवासाचं पत्र देतो. सामन्यामुळे वर्ग बुडाला तर विद्यापीठाच्या धोरणानुसार त्यांची परीक्षा नंतर घेतली जाते. मी समजून चालले की मीही त्याच बसमध्ये आहे, म्हणजे मलाही ते लागू. ते धोरण खेळाडूंसाठी होतं. स्टाफ म्हणून तुम्ही नोकरीला गेलेले असता, आणि नोकरी हे वर्ग बुडवण्याचं कारण नव्हे. एक क्विझ गेली, पाच टक्के गेले. प्राध्यापक वाईट नव्हते. नियम त्यांना माहीत होता, मला नव्हता.

दुसऱ्या वर्षी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाच्या ऑफिस-अवरला गेले, तक्ता घेऊन. बोलणं पाच मिनिटांचं. "या चार तारखांना मी नसेन. त्या आठवड्यांची असाइनमेंट मी बुधवारीच देईन. नोट्स अमुक मैत्रिणीकडून घेईन. क्विझ आधी देता येईल का?" मग त्याच दिवशी हेच ईमेलवर. 'आधी' हा शब्द फार उपयोगी. 'नंतर देऊ का' विचारलं की समोरच्या कपाळाला आठी पडते. 'आधी देऊ का' विचारलं की बहुतेक जण खुर्ची पुढे ओढतात. चारपैकी तिघांनी लगेच हो म्हटलं. चौथ्यांनी नाही म्हटलं. मग त्या एका दौऱ्याला मी गेले नाही, आणि तेही कोचला ऑगस्टमध्येच सांगितलेलं असल्याने कुणाचं काही अडलं नाही.

कोचशीही असंच बोला. आणि त्यांना 'सर' किंवा 'मॅडम' म्हणू नका. मी महिनाभर म्हणत होते, मुली हसायच्या. तिकडे सगळे नुसतं 'कोच' म्हणतात, आणि त्यात आपल्या 'सर'इतकाच मान असतो.

दौऱ्याचे तीन दिवस

बस गुरुवारी दीडला. म्हणजे सकाळी साडेनऊला जिममध्ये: चेंडूंच्या बॅगा, जर्सीचे दोन्ही संच, ट्रायपॉड, केबल, एक्स्टेन्शन बोर्ड. एक्स्टेन्शन बोर्ड दोन घ्या. दुसऱ्याच्या जिममध्ये विश्लेषकाच्या टेबलाजवळ प्लग असतोच असं नाही.

जातानाच्या बसमध्ये पहिले दोन तास अभ्यासाचे. सगळे ताजेतवाने असतात, उजेड असतो, आणि अजून कुणाला तुमच्याकडून काही नको असतं. वायफायवर विश्वास ठेवू नका. इंडियानातल्या मक्याच्या शेतांमधून जाताना ते हमखास जातं, आणि मोबाइलची रेंजही. पीडीएफ आदल्या रात्रीच उतरवून घ्या. बसमध्ये वाचून मळमळत असेल तर लेक्चरचं रेकॉर्डिंग ऐका. मी अख्खा एक कोर्स असा कानांनी केला.

रात्री हॉटेलवर जेवण, प्रतिस्पर्ध्याच्या व्हिडिओची मीटिंग, मग दुसऱ्या दिवशीच्या क्लिप. झोपायला साडेअकरा.

शुक्रवारी सकाळी सात ते नऊ हा सोन्याचा वेळ आहे. मुली उशिरा उठतात, कोच पळायला जातात, आणि खाली नाश्त्याच्या हॉलमध्ये कोपऱ्यातलं टेबल रिकामं असतं. खोलीत बसू नका. खोलीत पलंग असतो. माझे चांगले म्हणावेत असे सगळे पेपर वाफल-मशीनच्या शेजारी लिहिलेले आहेत. मग दहाच्या सुमारास यजमानांच्या जिममध्ये तासभर सर्व्हिस आणि पासिंगचा हलका सराव, जेवण, आराम. हा दुपारचा आराम तुम्हीही घ्या. सातच्या सामन्यात दोन-अडीच तास नजर हलवता येत नाही, आणि पाचवा सेट पंधरा गुणांचा असला तरी तोवर मेंदूचा भुगा झालेला असतो.

सामना संपला की आकडेवारी कोचकडे, व्हिडिओ अपलोड, उद्याच्या संघाच्या क्लिप. त्या रात्री अभ्यास करू नका. करता येईल असं वाटतं, होत काहीच नाही.

शनिवारचा सामना झाला की परतीची बस. ती रात्रीच निघेल की सकाळी, हे पुष्कळदा चालकाच्या तासांवर ठरतं: सलग आठ तास विश्रांती घेतल्यानंतर त्याला जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवता येते. त्यामुळे प्रवास लांबचा असेल तर रविवार दुपारपर्यंत घरी पोहोचू, असं धरूनच सोमवारचं सबमिशन ठरवा. परतीच्या बसमध्ये झोपायचं. मी इथे फार हट्टी आहे. पहिल्या सीझनला परतीच्या बसमध्ये असाइनमेंट लिहायचे. रविवारी उठून वाचलं की तीच पुन्हा लिहावी लागायची.

घड्याळाचंही सांगून ठेवते. ओहायोहून इलिनॉयला गेलं की वेळ एक तास मागे जाते, पण सबमिशनची वेळ विद्यापीठाच्या घड्याळाने चालते. रात्री ११:५९ म्हणजे तिथले १०:५९. मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेलात तर हा फरक तीन तासांचा होतो: २०२४ पासून बिग टेनमध्ये न्यू जर्सीचं रटगर्स आणि सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ एकाच गटात खेळतात. त्यांना विमानं असतात, आपल्याला बस, पण झोपेचं खोबरं दोघांचंही होतं.

पासपोर्ट, आय-२० आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) ची प्रत दौऱ्यावर कायम जवळ, बसच्या पोटातल्या बॅगेत नव्हे. चार वर्षांतून एकदा संघाला परदेश दौरा करता येतो. तो कॅनडाचा निघाला तर तुम्हाला वेगळा व्हिसा लागेल आणि आय-२० वर प्रवासाची सही ताजी असावी लागेल. अमेरिकन मुलींची तयारी एका दिवसात होते, तुमची महिन्यात होणार नाही. तारीख कळली की लगेच कामाला लागा.

जेवण, घर आणि सणवार

शाकाहारी असाल तर ऑगस्टमध्येच सांगा, आणि 'शाकाहारी' म्हणजे काय तेही सांगा. मला दोनदा मासा आला. सामन्यानंतर बसमध्ये सँडविच किंवा पास्त्याचे डबे येतात, जे उरेल ते स्टाफला. बॅगेत छोटी इलेक्ट्रिक किटली, इन्स्टंट पोहे आणि मेतकूट ठेवा. मिशिगनमधल्या एका हॉटेलात रात्री बाराला मेतकूट-भात खाल्ला होता. भात कालच्या चायनीजचा होता. त्याची चव अजून आठवते.

गणपती पहिल्या स्पर्धेच्या आसपासच येतात. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि सीझनचा पहिला वीकएंड त्याच आठवड्यात. दिवाळी ऐन कॉन्फरन्सच्या धामधुमीत. घरच्यांना आधीच सांगा की त्या दिवशी फोन लागला नाही तर काळजी करू नका. आम्ही रविवार सकाळी साडेआठ ठरवली होती, तेव्हा सांगलीत संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि तेच साडेआठ म्हणजे आपल्याकडे सात होतात. पहिल्या वर्षी त्या रविवारी आई तासभर फोन हातात धरून बसली होती.

दौऱ्याच्या पलीकडे एक आपुलकीची अडचण येते. खेळाडूंना गाडी देणं, उसने पैसे देणं, भेटवस्तू देणं, हे स्टाफने केलं तर नियमभंग ठरू शकतो. पुरणपोळीला चार मुलींना घरी बोलावण्याआधी मी कम्प्लायन्सला ईमेल टाकला होता. परवानगी मिळाली, आणि वर "आम्हाला का नाही?" असंही उत्तर आलं. मार्चमध्ये बास्केटबॉलच्या निकालांवर पैसे लावायची हौस ऑफिसाऑफिसांत असते. तुम्ही क्रीडा विभागात आहात, त्यापासून चार हात लांब राहा. कोण जखमी आहे, कोण खेळणार नाही हे रूममेटलाही सांगू नका.

डिसेंबरचे दोन तक्ते

संघ हरला तर थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आसपास सीझन संपतो आणि तुम्ही परीक्षेला मोकळे. कॉन्फरन्स जिंकली तर चौसष्ट संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश, आणि तिच्या पहिल्या दोन फेऱ्या डिसेंबरच्या सुरुवातीला, परीक्षांच्या तोंडावर. तेव्हा संघ जिंकावा असं वाटतं आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपर आठवला की थोडं नकोही वाटतं. हे कुणी कबूल करत नाही, मी करते. शेवटचे पेपर थँक्सगिव्हिंगच्या आधी पूर्ण करा, जिंकणारच आहोत असं समजून. हरलात तर चार दिवस झोप काढा. फायनलच्या गावी कोचांच्या संघटनेचं, एव्हीसीएचं, अधिवेशनही भरतं. पुढे याच क्षेत्रात नोकरी हवी असेल तर दुसऱ्या वर्षी तिथे जायला पैसे बाजूला ठेवा.

स्प्रिंग रिकामा नसतो, पण तुमचा असतो

सीझनबाहेर खेळाडूंचे तास आठवड्याला आठवर येतात आणि तुमचेही हलके होतात. अवघड विषय इथे घ्या. आणि एका दगडात दोन पक्षी मारायची जागाही हीच: संघाचा डेटा वर्गातल्या प्रोजेक्टला वापरा. डेटाव्हॉलीच्या फाइली 'आर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वाचायला ओपनव्हॉलीचं पॅकेज आहे. मी आमच्या सर्व्हिस रिसिव्हचा अभ्यास रिग्रेशनच्या कोर्सला दिला आणि तोच कोचला दिला. प्राध्यापकांनी ए दिला, कोचनी दोन रोटेशन बदलले. कोचची लेखी परवानगी घ्या, नावं काढून टाका. थिसिसला वापरणार असाल तर विद्यापीठाच्या संशोधन-नैतिकता मंडळाची मंजुरी डेटा हातात घेण्याआधी लागते. आपण स्टाफवर असल्याने मुली आपल्याला 'नाही' म्हणू शकतात का, हा प्रश्न ते मंडळ विचारतंच. मला त्याचं उत्तर लिहायला तीन आठवडे लागले.

आणि बस दीडची असेल तर सव्वाला सीटवर बसलेलं असायचं. दुसऱ्या सीझनला आमचे असिस्टंट कोच कॉफी आणायला गेले आणि एक पस्तीसला परतले. चाळीस मैल स्वतःच्या गाडीने बसच्या मागे आले, कॉफी हातातच.